मागे धरलेला हात

शेवटच्या भेटीत बस्त्यावने माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. डायलिसिस करून आणलं होतं. त्या दिवशी तो पार गळून जायचा आणि घरी आला की भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडून राहायचा. मी त्याच्या पाठीमागे स्टुलावर बसून इकडचं तिकडचं बोलत होतो... नवघरच्या रस्त्याचं खोदकाम, आमच्या बिल्डिंगची बंद लिफ्ट, माझा गुडघा. तो हूं हूं करत होता. मग माझे विषय संपले. थोड्या वेळाने त्याने डावा हात मागे केला. तळवा वर, बोटं सैल, अंगठा बाजूला. सुया टोचून टोचून त्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या, वर ताजी पट्टी होती. त्याला पाणी हवं होतं, डॉक्टरांनी परवानगी दिलेले दोन घोट. मी पेला उचलला आणि तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "आवाज दे ना."

ज्यांनी कधी रिले पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार बाय शंभरमध्ये बॅटन घेणारा मागे वळून बघत नाही. बघितलं की वेग गेला. मागून येणारा ठरलेल्या खुणेवर पोचला की पुढचा सुटतो, मागचा जवळ येऊन आवाज देतो, आणि त्या आवाजावर पुढचा न बघता हात मागे धरतो. नऊ वर्षं आमच्या खात्याच्या संघात तिसरा मी धावायचो आणि चौथा तो. म्हणजे नऊ वर्षं त्याच्या त्या डाव्या हातात मीच बॅटन ठेवत आलो. निवृत्तीनंतरही त्याची सवय गेली नव्हती. खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसायचा आणि चष्मा हवा असो, चहा हवा असो, हात मागे. आवाज दिला की घेणार, आणि वस्तू नीट हातात आल्याशिवाय मूठ मिटणार नाही. त्या दिवशी मला आवाज देता आला नाही. "अरे, घे," असं काहीतरी पुटपुटलो. त्याने पेला घेतला, पाणी प्यायला आणि पेला तसाच मागे माझ्या हातात दिला. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

आठ दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, मी गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह बघत असताना फिलूचा फोन आला. फिलू म्हणजे फिलोमिना, त्याची बायको, भाईंदरच्या खाडीपलीकडच्या पालीची. ती रडत नव्हती. "मधू, तो गेला," एवढंच म्हणाली. मी व्हॉल्व्ह उघडा ठेवून खाली आलो आणि दुपारी सगळी बिल्डिंग माझ्या नावाने शंख करत होती. दुसऱ्या दिवशी पालीच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. मागच्या आठवड्यात महिन्याची मिस्सा झाली. आणि हे लिहायला मी आत्ता कुठे बसलोय. त्याने लिही म्हणून सांगितल्यावर सव्वा वर्षाने.

त्याच्यावर निघालेल्या पिक्चरमुळे बस्त्याव सिद्दी हे नाव आता पुष्कळांना ठाऊक झालंय. त्याच्या आधी आमच्या नवघरमध्येसुद्धा कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे. कानडी मुलखात हल्याळच्या पुढे जंगलात सिद्दी लोकांची गावं आहेत. आफ्रिकेतून कधीकाळी गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. घरी कोंकणी, बाजारात कानडी, कुणाच्या गळ्यात क्रॉस तर कुणाच्या ताईत. सरकारला एकदा वाटलं की या पोरांच्या अंगात धावणं असणार, म्हणून माणसं पाठवून त्यांनी निवड केली. त्यात बस्त्याव सापडला. तो मला म्हणायचा, "धावणं अंगात कसलं, शाळा आठ किलोमीटर होती." पुढे खेळाडूंच्या जागेवर आमच्या खात्यात नोकरी लागली आणि तो मुंबईला आला.

मीही त्याच वर्षी परभणीहून आलो होतो. हॉस्टेलवर त्याच्याबरोबर खोली कुणाला नको होती. माझं आडनाव कळल्यावर माझ्याबरोबरही नको होती, फक्त ते कुणी तोंडावर बोललं नाही. शेवटी उरलेल्या दोघांना एका खोलीत टाकलं. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "तुला कोण नको म्हणालं?" मी म्हटलं, "कुणी नाही, सगळे बिझी होते." तो इतका हसला की खाटेवर आडवा झाला. मला कुणी आडनाव विचारलं की मी विषय बदलायचो. गाव सांगायचो, शाळा सांगायचो, हवामान सांगायचो. हे सगळं त्याला पहिल्या महिन्यातच कळलं आणि त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. समोर कुणी आडनावाचा विषय काढला की तो मुद्दाम पाणी सांडायचा, नाहीतर जोरात शिंकायचा. हे मी आधी सांगतोय, कारण पुढचं सांगताना ते माझ्या बाजूने मोजलं जाऊ नये.

आमचे कोच पाटणकर सर. बुटके, डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, आणि हजेरी घेतल्यासारखं प्रत्येकाला पूर्ण नावाने हाक मारायची पद्धत. एका आंतरखाते स्पर्धेत आमची फजिती झाली. सगळे संघ "घे" नाहीतर "ले" ओरडतात. शेजारच्या लेनमधल्या गड्याचा "घे" ऐकून बस्त्यावने आधीच हात मागे धरला, लय तुटली आणि बॅटन खाली पडलं. सरांनी आम्हाला मैदानाच्या कोपऱ्यात बसवून सांगितलं की प्रत्येक जोडीने आपला स्वतःचा शब्द ठरवा, दुसरा कुणी ओरडणार नाही असा. बाकीच्या जोड्यांनी कुणाच्या गावाचं नाव घेतलं, कुणी कुत्र्याचं. मला फार विचार करावा लागला नाही. मी म्हटलं, "हबशी." हा शब्द मी इथे एकदाच लिहितोय. म्हटलं, हे तर दुसऱ्या कुठल्या लेनमध्ये ऐकू येणारच नाही. सगळे हसले. मी शब्द काढला आणि लोक हसले याचा मला आनंद झाला होता, हेही खरं. त्या संघात तोवर माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं.

सर हसले नाहीत. म्हणाले, "हा शब्द नको. दुसरा बघा." मी म्हणालो, "सर, त्याला चालतंय." बस्त्यावला मी विचारलं नव्हतं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, "बस्त्याव सिद्दी, तुला चालतंय?" आणि त्याने खांदे उडवले. तेवीस वर्षांचा, घरापासून लांब, नोकरी कच्ची, समोर हसणारा संघ आणि एकुलता एक मित्र... त्याने काय करायला हवं होतं?

पुढच्या स्पर्धेत आम्ही जिंकलो. बॅटन असं बसलं की सरसुद्धा गप्प झाले. मग काय, जिंकणाऱ्या संघाच्या शब्दाला कोण हात लावतंय? मी वळणावरून येताना जिवाच्या आकांताने तो शब्द ओरडायचो आणि तो तीरासारखा सुटायचा. दुसऱ्या वर्षी प्रेक्षकांनी तो उचलला. माझ्या आधीच स्टँडमधून यायला लागला, कौतुकानेच यायचा, टाळ्यांसकट. मग पेपरांच्या मथळ्यात आला. मग त्याच्या ऑफिसात, कॅन्टीनमध्ये, मग पालीत त्याच्या सासुरवाडीला. फिलूच्या बापाने पहिल्यांदा त्याला दारातून परत पाठवलं तेव्हा तोच शब्द वापरला होता. पेपरात वाचलेला. तो माझ्या तोंडून निघून, मैदान ओलांडून, खाडीवरून पालीपर्यंत चालत गेला होता.

त्याने एकदाच विचारलं होतं. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी, सरावानंतर आम्ही बुटांची माती काढत बसलो होतो. म्हणाला, "मधू, दुसरा शब्द ठेवूया का रे?" मी म्हटलं, "आता? हात त्यालाच बसलाय. बॅटन पडलं तर?" तो "हां" म्हणाला आणि माती काढत राहिला. त्यानंतर पाच वर्षं आम्ही धावलो आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. हात दुसऱ्या शब्दाला आठवड्याभरात बसला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

धावणं सुटलं तसा तो शब्द माझ्या तोंडातून गेला. पण गंमत अशी की त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. नऊ वर्षं ज्याला एका हाकेने बोलावलं त्याला एकदम बस्त्याव म्हणायला जीभ वळेना, लाज वाटायची. मग मी त्याला "अरे" म्हणायला लागलो. "अरे ऐक", "अरे येतोस का". फोन लावला तरी "अरे, मी बोलतोय." तीस वर्षं. भाईंदर पूर्वेला नवघरमध्ये आम्ही शेजारशेजारच्या बिल्डिंगमध्ये घरं घेतली, त्याच्या मुलीच्या लग्नात मी मांडवात उभा होतो, माझ्या बायकोच्या आजारपणात तो रोज डबा घेऊन यायचा... आणि सगळा वेळ मी त्याला "अरे" म्हणत होतो. त्याच्या लक्षात आलं नसेल असं मी स्वतःला सांगत आलो.

पिक्चरवाले आले ते बस्त्यावच्या आजारपणाची सुरुवात होती तेव्हा. दोन पोरं आणि एक मुलगी, गोड बोलणारी, वह्या घेऊन. चार दिवस येत होती. त्यांना हवं होतं की अपमान कुठे झाला, राग कधी आला, आणि मग त्या रागाने तो कसा जिंकला. बस्त्यावला ते जमेना. तो त्यांना सांगायचा की बाबा, जिंकलो तो चांगला धावलो म्हणून. अपमान वेगळा, तो जिंकल्यावरही होता. त्यांना हे पटकन लिहून घेता येत नसे. त्याच्या शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पाकिटात रेशनकार्डाची आणि आधारची झेरॉक्स असायची. मीरा रोडला उतरला की महिन्यातून एकदा तरी कुणीतरी अडवून पासपोर्ट मागायचं. परदेशी समजून, आधी हिंदीत, मग इंग्रजीत. तो शांतपणे सगळं ऐकून घ्यायचा आणि फिलूकडून शिकलेल्या पालीच्या बोलीत म्हणायचा, "पासपोर्ट न्हाय, रेशनकार्ड हाय, चालंल का?" आम्ही हे सांगून हसायचो. पण आठवून बघतो तर पाकीट काढताना तो कधी हसत नव्हता. हळूहळू काढायचा, घडी उलगडायचा, पुन्हा घालायचा. वयाच्या साठीतही. हे पिक्चरमध्ये आलं नाही. यात शेवटी कुणी टाळ्या वाजवत नाही.

मीरा रोडच्या मल्टिप्लेक्समध्ये त्यांनी आम्हाला दुपारचा खेळ दाखवला. नट चांगला होता, धावलाही बरा. मध्यंतराच्या आधी तो प्रसंग आला. पडद्यावर एक बुटका कोच, पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. नाव बदललेलं, पण शिट्टी तीच. तो कोच त्या पोराला सगळ्यांसमोर उभं करतो, तो शब्द त्याच्या तोंडावर मारतो आणि संघाला सांगतो की आजपासून याची हीच हाक. आणि संघात एक जण असतो, परभणीकडचा, डोळ्यांत पाणी आणणारा, जो त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. तो मी. थिएटरात कुणीतरी नाक ओढलं. माझ्या एका बाजूला फिलू होती आणि दुसऱ्या बाजूला बस्त्याव, आणि मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून बसलो होतो. शेवटच्या शंभर मीटरला नट सगळ्यांना मागे टाकतो, स्टँडमधला तोच शब्द आता जयजयकार होतो, आणि कोच मान खाली घालतो. लोक उठून टाळ्या वाजवत होते.

रिक्षात मी विचारलं की त्यांना असं कुणी सांगितलं. तो म्हणाला की त्याने फक्त एवढंच सांगितलं होतं... तो शब्द कुणी ठेवला ते आठवत नाही. बाकी पोरांनी जोडलं. पिक्चरला एक वाईट माणूस लागतोच. "तुझं नाव सांगितलं असतं तर त्यांनी तुला धरलं असतं. मी म्हटलं, कशाला."  गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्याने विचारलं, "पण सरांना का धरलं? सर तर नको बोलले होते ना?" मी म्हटलं, हो, तेच एकटे नको म्हणाले होते.

त्याने त्या पोरांना फोन केला. पोरं म्हणाली, अंकल, आम्ही सुरुवातीलाच पाटी टाकली आहे की ही पात्रं काल्पनिक आहेत. सर तर केव्हाच गेले होते, पण त्यांची बायको होती, दहिसरला मुलीकडे. मुलीने आईला कौतुकाने पिक्चरला नेलं होतं, बाबांच्या विद्यार्थ्याचा पिक्चर म्हणून. त्या मुलीचा बस्त्यावला फोन आला तेव्हा मी समोरच होतो. तो नुसता "ताई... ताई..." करत राहिला. फोन ठेवून म्हणाला, "मधू, तू पेपरात लिहितोस. तू लिही, काय झालं ते. मी बोललो तर लोक बोलतील म्हातारा सारवासारव करतोय. तुझ्या तोंडून आलं पाहिजे." मी म्हटलं, लिहितो. या पुरवणीत पाच-सहा वर्षं मी मैदानी खेळांवर लिहितोय, धनुष्याच्या दोरीला गाठ कशी मारतात तेसुद्धा लिहून झालं. एवढं एक काय.

पण लिहिलं नाही. आधी दिवाळी अंक होते, मग डोळ्याचं ऑपरेशन, मग नातू राहायला आला. नातू पिक्चर बघून शाळेत सांगून आला होता की तो खांद्यावर हात ठेवणारा माणूस म्हणजे माझे आजोबा. वर्गात टाळ्या वाजल्या होत्या म्हणे. तेव्हा मला कळलं की मला लिहायचं नाहीये. बस्त्यावने पुन्हा विचारलं नाही. त्याची ती पद्धतच होती, एकदा विचारायचं. मी जायचो, स्टुलावर बसायचो, लिफ्टचं बोलायचो आणि परत यायचो. डायलिसिस आठवड्यातून दोनचं तीन झालं. आणि मग तो दिवस, भिंतीकडे तोंड, मागे धरलेला हात... आता वाटतं, त्याला नुसतं पाणीच हवं होतं असं नाही. की मलाच तसं वाटतंय. थकलेल्या माणसाला पाणीच हवं असतं बहुतेक.

तर घडलं ते असं. तो शब्द मी ठेवला. मी एकट्याने. पाटणकर सरांनी विरोध केला होता आणि मी खोटं बोलून त्यांना गप्प केलं. बस्त्यावने तो बदलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं. पिक्चरमधला तो चांगला माणूस कुणीच नव्हता. मला स्वतःला नावावरून बाजूला बसवलं जात होतं आणि मी माझ्या सोबत बाजूला बसलेल्या एकुलत्या एका माणसाला दुसरं नाव दिलं, लोकांना हसवायला. याला कारण विचाराल तर माझ्याजवळ नाही, आणि असतं तरी आता शोधायचा कंटाळा आलाय.

लिहून झाल्यावर मी सरांच्या मुलीला फोन केला आणि सगळं वाचून दाखवलं.  शेवटी ती म्हणाली, "बाबा जेवताना सांगायचे, आज बस्त्याव सिद्दी असा धावला, तसा धावला. पूर्ण नाव घेऊन. आईला तेच कळेना, की मग हे असं कसं." मी विचारलं, आईंना ऐकवता का? ती म्हणाली, "आई दसऱ्याला गेली. तुम्हाला कळवायला पाहिजे होतं, राहून गेलं."  तिने हळूच फोन ठेवला.

छापायला देण्याआधी कागद फिलूला दाखवायचे होते. काल सकाळी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत त्याची वेताची खुर्ची तशीच खिडकीकडे तोंड करून आणि तिच्यात फिलू, दाराकडे पाठ. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती बघत होती. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती आणि स्टूल भिंतीला लावलं होतं. मी म्हटलं की मी आलोय, लिहून आणलंय. तिने वळून पाहिलं नाही. डावा हात मागे केला, तळवा वर, अंगठा बाजूला. पस्तीस वर्षं त्याला चहा देऊन देऊन तिलाही तीच सवय लागली होती की मुद्दाम केलं, मला सांगता येणार नाही.

मी कागद तिच्या हातावर टेकवले. तिने मूठ मिटली नाही.

"आवाज न्हाय दिलास," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीमागे उभा होतो, चार पावलांवर. खूप वर्षांपूर्वी धाप लागायची तशी धाप लागली होती आणि मी तर लिफ्टने आलो होतो.

"बस्त्याव," मी म्हटलं.

तिने मूठ मिटली आणि कागद ओढून घेतले.